पुलावरची जरा

१

वही गेली तेव्हा मी गॅलरीत उभा राहून नदीबद्दल थापा मारत होतो.

त्या थापा मी रोजच मारतो, पोटासाठी. 'उलटनगरी'च्या सातही पुस्तकांत एक नदी आहे, ती समुद्राकडून डोंगराकडे चढत जाते. आमच्या शहरातली नदी मुकाट्यानं खालीच वाहते. पण लेखिकाबाईंच्या गॅलरीतून संध्याकाळी पाचच्या सुमाराला पाहिलं, तर वाऱ्यानं लाटा उलट्या पळाल्यासारख्या दिसतात. "बाईंना ती नदी इथंच सुचली," असं मी सांगतो आणि लोक माना डोलावतात. बाईंना ती कुठं सुचली हे मला काय ठाऊक! मी त्यांच्याशी जन्मात चार वाक्यं बोललो असेन, आणि त्यातली तीन "ताई आहे का घरात?" अशी होती.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. सव्वीस वर्षं तिनं बाईंचं घर सांभाळलं. स्वयंपाक, औषधं, पत्रं, आल्यागेल्याची उठबस, सगळं तिच्याकडे. बाई दोन वर्षांपूर्वी गेल्या, घर त्यांच्या भाच्याकडे आलं, आणि घराबरोबर मृत्युपत्रातल्या दोन अटीही आल्या. ताई प्रामाणिकपणे घर सांभाळेल तोवर मागची खोली तिची, ही पहिली. दुसरी आठव्या पुस्तकाच्या अपुऱ्या वहीबद्दल होती. ती वही बाईंच्या टेबलावर काचेखाली राहील, कुणी छापायची नाही, कुणी पुरी करायची नाही. भाचेसाहेबांनी मग 'उलटनगरी'तल्या जागा दाखवणारी पायी फेरी सुरू केली, आणि दुकान बुडवून घरी बसलेल्या मला ताईच्या शब्दावर वाटाड्या म्हणून ठेवून घेतलं.

फेरीत घड्याळजींची गल्ली येते, वाचनालयाचा लोखंडी गोल जिना येतो, जुना पूल येतो, आणि शेवटी बाईंची लिहायची खोली. लांबलांबून माणसं येतात आणि गटाराच्या झाकणापुढंसुद्धा डोळे ओले करून उभी राहतात. पूर्वी मला त्यांचं हसू यायचं. आता येत नाही, पण तसं त्यांना कळू देत नाही.

त्या गुरुवारी तिघंच होते. दातांच्या एक डॉक्टरीणबाई, वय चाळिशीचं, अंगात 'उलटनगरी'तल्या पहारेकऱ्यांसारखा घोट्यापर्यंत लांब निळा झगा. एक थकलेले आजोबा, छापखान्यातून निवृत्त. "पुस्तकं वाचलीत का?" विचारलं तर म्हणाले, "एकही नाही." मग आलात कशाला, हे मी गिळलं. आणि तिसऱ्या एक सत्तरीच्या उंच बाई. त्यांनी "पाणी मिळेल का?" एवढंच विचारलं आणि मी ताठ उभा राहिलो. आमच्या घरात संध्याकाळच्या बातम्या तीस वर्षं त्याच आवाजात यायच्या. रेडिओवरच्या निवेदिका होत्या त्या.

खोलीत शिरल्यावर मी नेहमीप्रमाणे टेबल दाखवलं. काचेचं झाकण, त्याला छोटं पितळी कुलूप, आणि आत पहिल्या पानावर उघडून ठेवलेली काळ्या पुठ्ठ्याची वही. पहिली ओळ सगळ्यांनी वाकून वाचली. 'जरा पुलावर उभी होती.' ज-खाली निळा ठिपका. "बाईंचं पेन गळायचं, हा बघा डाग," मी म्हणालो.

गॅलरी अरुंद आहे, म्हणून मी निवेदिकाबाईंना आणि झगेवालीला आधी नेलं. आजोबा गुडघे धरून दिवाणखान्यात बसले. ताई स्वयंपाकघरात होती. भाचेसाहेब त्या दिवशी स्वतः आले होते, पाहुण्यांना एक बातमी द्यायची म्हणून. ते बोळात फोनवर बोलत होते. मध्येच झगेवाली पाणी प्यायला आत गेली. पंधरा मिनिटांनी आम्ही परत आलो तर काच बंद, कुलूप बंद, आणि आत नुसती हिरवी मखमल.

"चाव्या किती आहेत?" भाचेसाहेबांनी विचारलं. त्यांनी प्रश्न मला केला, पण नजर स्वयंपाकघराच्या दारात होती. दारात ताई उभी होती, आणि चावी तिच्या गळ्यातल्या दोऱ्यात.

२

भाचेसाहेबांनी सगळ्यांच्या पिशव्या स्वतः पाहिल्या, माझीसुद्धा. झगेवालीला झगा झटकून दाखवावा लागला, ती लालबुंद झाली. स्वयंपाकघरातले डबे निघाले, गाद्या उलटल्या. वही सापडली नाही.

"चावी एकच. कुलूप फुटलेलं नाही," ते म्हणाले. "मी बाईमाणसाच्या खोलीत हात घालणार नाही. तिचं काय ते पोलीस बघतील. उद्या दुपारी बारापर्यंत वही टेबलावर आली तर ठीक. नाही आली तर मी अर्ज देतो, आणि ती खोली रिकामी करायची."

"मी घेतलेली नाही," ताई म्हणाली. एवढंच. ती कधी गयावया करत नाही, आणि लोकांना नेमका त्याचाच राग येतो.

"मावशीनं शेवट मला सांगितला होता म्हणून बरं," भाचेसाहेब पाहुण्यांकडे वळून म्हणाले. "तीच बातमी द्यायची होती. आठवं पुस्तक येतंय. शेवटच्या दिवसांत मावशीनं अख्खी वही मला वाचून दाखवली. माझ्या आठवणीतून मी ते लिहितोय. वहीतला शब्दही उचलणार नाही, म्हणजे मृत्युपत्राचा मान राहतो."

झगेवालीनं नकळत टाळी वाजवली आणि मग जीभ चावली.

निघताना निवेदिकाबाई जिन्यात थांबल्या. "तुमच्या बहिणीनं 'मी घेतलेली नाही' म्हटलं ना, त्यात एकही श्वास वाढला नव्हता. मी जन्मभर वाचणाऱ्यांचे श्वास ऐकलेत. उद्या सकाळी ही फेरी पुन्हा काढा. याच माणसांना घेऊन."

"ते येतील?"

"येतील. अर्जात त्यांचीही नावं जाणार आहेत."

मला हायसं वाटायला हवं होतं. पण आता जे सांगतो ते सांगताना मला माझीच लाज वाटते. संध्याकाळी ताई दूध आणायला खाली गेली, तेव्हा मी तिच्या खोलीत शिरलो. खाटेखाली पत्र्याची ट्रंक आहे, तिची चावी ती फडताळात ठेवते ही सवय मला लहानपणापासून ठाऊक. मी ट्रंक उघडली. कपडे, आमच्या वडिलांचा फोटो, बाईंनी तिला लिहिलेल्या पत्रांचा एक गठ्ठा. मी तळापर्यंत हात घातला. वही नव्हती. सगळं होतं तसं परत लावलं, ट्रंक ढकलली, आणि ताई आली तेव्हा मी दिवाणखान्याच्या खिडकीशी उभा राहून बाहेर बघत होतो.

"धाकट्या, चहा टाकू?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं. समोर बसून प्यायलो. तिला काहीच विचारलं नाही.

रात्रीच्या आत भाचेसाहेबांचा माणूस अर्जाची प्रत देऊन गेला, ताईला द्या म्हणून. मी ती खिशात घातली. द्यायचं धाडस झालं नाही.

३

सकाळी साडेआठला घड्याळजींची गल्ली नुकती जागी होत होती. 'उलटनगरी'त इथली घड्याळं उलटी फिरतात. खरं तर एका म्हाताऱ्या घड्याळजीनं दाढी करताना आरशात वेळ कळावी म्हणून एक घड्याळ उलटं करून लावलं होतं, बाईंनी तेवढ्यावर अख्खं प्रकरण रचलं. ते घड्याळ अजून चालतं. निवेदिकाबाई त्याच्यासमोर उभ्या राहिल्या आणि झगेवालीला जवळ बोलावलं. आज तिनं झगा घातला नव्हता. झग्याशिवाय ती अगदी आत्ता 'आ करा' म्हणेल अशी दिसत होती.

"पाणी प्यायला गेलात ते स्वयंपाकघरात?"

"हो."

"तुमच्या हातात भांडं नव्हतं, ओठ कोरडे होते. मीही तहानलेलीच होते म्हणून लक्षात राहिलं."

डॉक्टरीणबाईंचा चेहरा पडला. आता काहीतरी बाहेर पडणार, असं मला वाटलं. बाहेर पडलं ते असं.

"मी बाईंच्या खुर्चीत बसले," ती म्हणाली. "बसू नये अशी पाटी आहे, ठाऊक आहे मला. अकरा वर्षांची असल्यापासून मनात होतं हो. दोन मिनिटं बसले, टेबलावर हात ठेवले. पण तेव्हा काचेखाली वही नव्हती! मला वाटलं, घरच्यांनीच काढून ठेवली असेल. नंतर बोलले असते तर खुर्चीचं कळलं असतं."

"खोलीत किंवा बोळात कुणी?"

"कुणी नाही. भाचेसाहेबांचा आवाज जिन्यातून येत होता, खालच्या मजल्यावरून. गाडीचं काहीतरी चाललं होतं."

म्हणजे वही आम्ही गॅलरीत गेल्यावर पहिल्या पाचसात मिनिटांतच गेली होती. आणि तेव्हा खोलीजवळ होते ते दोघं, एक दिवाणखान्यातले आजोबा आणि दुसरी ताई. मी मनातल्या मनात हिशेब केला. आजोबा तर आम्हाला सोडून गल्लीच्या टोकाला पोचले होते, न सांगता, झपाझप. कालचे त्यांचे गुडघे कुठं गेले होते कोण जाणे.

४

त्यांना आम्ही पुलावर गाठलं. वाचनालय वाटेत येतं, पण त्या गोल जिन्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही.

जुन्या पुलावर फेरीतली सगळ्यांत जास्त गर्दी होते. बाईंच्या पुस्तकात या पुलावर जरा नावाची बाई उभी असते आणि जाणाऱ्या प्रत्येकाकडून टोल म्हणून काहीतरी घेते. तिचा पूल ओलांडला की माणूस वर्षानं म्हातारा होतो, असं लोक बोलतात. नावाचा अर्थच तो, जरा म्हणजे म्हातारपण. प्राध्यापकांनी त्यावर लेख लिहिलेत. मीही तसंच सांगतो, जरा आवाज खोल करून. ताई एकदा गटामागून आली होती, ऐकून म्हणाली, "तिचं नाव नीट घेत जा रे." मला वाटलं, आदरानं घे म्हणतेय. तेव्हापासून मी 'जराबाई' म्हणतो.

पुलाच्या कठड्यावर नगरपालिकेनं पितळी पाटी लावली आहे. निवेदिकाबाईंनी प्रत्येकाला ती मोठ्यानं वाचायला सांगितली. "कागद असो की पाटी, कानावर पडल्याशिवाय मला कळत नाही," त्या म्हणाल्या. "सवय लागलीय तशी."

डॉक्टरीणबाईंनी वाचलं, "इथे जरा उभी राहते." मीही वाचलं. आम्हा दोघांचा ज एकच, जन्मातला, जीवातला. मग आजोबांनी वाचलं. त्यांचा ज वेगळा होता. जागेतला, जाडीतला, दातांना चाटून जाणारा. 'जरा थांब' म्हणताना आपण म्हणतो ना, तो. त्यांच्या तोंडून ती ओळ एकदम साधी झाली, जणू कुणीतरी तिथं थोडा वेळ उभं राहतं एवढंच.

निवेदिकाबाई झटकन वळल्या. "तुम्ही पुस्तकं वाचलेली नाहीत म्हणालात."

"नाही वाचली."

"मग हे नाव असं म्हणायला कुणी शिकवलं?"

आजोबांनी कठडा धरला. मला वाटलं, धरला चोर.

"बाईंनी," ते म्हणाले. "पहिलं पुस्तक मी जुळवलं. खिळे जुळवायचो मी, शिशाचे. एकेक अक्षर उचलून, आणि तेही उलटं. वाचायला वेळ कुणाला होता? बाई रोज छापखान्यात यायच्या आणि माझ्याशी भांडायच्या. म्हणायच्या, लोक तिला म्हातारपण समजतील. ती म्हातारपण नाही. ती 'जरासं दे' म्हणते, ज्याच्याकडे जे जास्त असेल त्यातलं थोडंसं मागते, म्हणून ती जरा. तिच्या ज-खाली टिंब द्या. पण टिंबाचा ज आमच्या खणात नव्हता हो! मालक म्हणाले, एका अक्षरासाठी नवा साचा कोण पाडणार. बिनटिंबाचंच छापलं. बाई रडल्या होत्या." त्यांनी नाक शिंकरलं. "काल पहिल्यांदा त्यांच्या हाताचं अक्षर पाहिलं. टिंब होतं. मला तिथं थांबवेना. आत्ताही या पुलावर मी एकटाच यायचं म्हणत होतो."

तीन वर्षांचं पोर जसं चित्रातल्या गाईला कुत्रा म्हणतं, तसा मी रोज त्या टिंबाला डाग म्हणत होतो.

"हे कुणाकुणाला ठाऊक असेल?" निवेदिकाबाईंनी विचारलं.

"ज्यांनी बाईंना बोलताना ऐकलं त्यांना. नुसतं वाचणाऱ्याला कसं कळणार?"

निवेदिकाबाई मला म्हणाल्या, "भाच्यांनी काही लिहून दिलंय का? अर्जाची प्रत वगैरे?"

मी खिशातून काढून दिली. त्यांनी चष्मा लावला आणि त्या पुलावर, भाजीच्या गाड्यांच्या आवाजात, संध्याकाळच्या बातम्यांच्या सुरात अर्ज वाचायला लागल्या. "सदर वही लांब, काळ्या पुठ्ठ्याची, निळ्या शाईत एकशे बारा पानं लिहिलेली असून, पानोपानी अक्षरांखाली शाईचे डाग आहेत. सदर वही मी आजवर हाताळलेली नाही. माझ्या मावशींनी अखेरच्या दिवसांत ती मला वाचून दाखवली होती. किल्ली केवळ देखभाल करणाऱ्या बाईकडे असते."

वाचता वाचता त्या मध्येच थांबल्या, आणि मागं जाऊन एक वाक्य पुन्हा वाचलं. तीस वर्षांत मी त्यांना एकदाही तसं करताना ऐकलं नव्हतं.

"किती वाजले?" त्यांनी विचारलं.

५

बारा वाजायला दहा मिनिटं कमी असताना आम्ही खोलीत होतो. भाचेसाहेब आधीच आले होते. ताई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, तिनं केस विंचरून चांगला पोशाख घातला होता, पोलीस येणार म्हणून.

"वही?" भाचेसाहेबांनी हात पुढं केला.

"देऊ की," निवेदिकाबाई म्हणाल्या. "त्याआधी एक विचारू? तुम्हाला मावशींनी ती वाचून दाखवली. सुरुवात कशी आहे हो? आम्हाला पहिलंच वाक्य ऐकवा, त्या वाचायच्या तसं."

भाचेसाहेबांना बोलायला आवडतं. त्यांनी घसा खाकरला. "जरा पुलावर उभी होती." जन्मातला ज. खणखणीत.

"बाई असं कधीच म्हणाल्या नाहीत," ताई म्हणाली. तिनं ते भांडायला म्हटलं नव्हतं. मीठ कमी पडलंय असं सांगावं तसं सांगितलं. "सव्वीस वर्षांत एकदाही नाही. त्या जरा म्हणायच्या." आणि तिचा ज जागेतला होता.

"उच्चारात काय ठेवलंय?" भाचेसाहेब हसले.

"सगळं त्यातच आहे," निवेदिकाबाई म्हणाल्या. "वही ऐकलेल्या माणसाला हे नाव नीट येतं. तुम्हाला येत नाही, म्हणजे तुम्ही वही ऐकलेली नाही. पण तुमच्या अर्जात आहे की पानोपानी अक्षरांखाली डाग आहेत. ते खरं आहे. जिथं जिथं जरा आली, तिथं तिथं बाईंनी टिंब दिलं असणार. ऐकलेला माणूस त्यांना टिंबं म्हणाला असता. पहिल्या पानावरचं एकच टिंब काचेतून दिसतं, आणि ते डाग आहे असं तुमचा वाटाड्या रोज सांगतो. बाकीच्या एकशे अकरा पानांवरही तसंच आहे, हे कुणाला ठाऊक? ज्यानं वही हातात घेऊन पान न् पान चाळलं, मनातल्या मनात वाचलं आणि पानं मोजली, त्याला. तुम्ही लिहिलंय, हाताळलेली नाही. आणि ती दोन वर्षं कुलपात होती."

आजोबांनी खुर्चीची पाठ धरली होती.

"मावशीनं कधीतरी दाखवली असेल," भाचेसाहेब म्हणाले.

"बाई असेपर्यंत वही त्यांच्या उशाखाली असायची," ताई म्हणाली. "आणि तुम्ही शेवटच्या वर्षात दोनदा आलात. दोन्ही वेळा बूट न काढता दारातूनच गेलात."

डॉक्टरीणबाईंचा कालचा अपमान अजून जिरला नव्हता. "तुम्ही आमच्या सगळ्यांच्या पिशव्या पाहिल्यात," ती म्हणाली. "तुमची कुणी पाहिली? आणि काल जिन्यातून खाली कशाला गेला होतात, गाडीकडे?"

भाचेसाहेब खाली बसले. बसले ते नेमके बाईंच्या खुर्चीत, आणि एकेक कबूल करत गेले. झाकण बसवणाऱ्या सुतारानं दोन चाव्या दिल्या होत्या. एक त्यांनी ठेवून घेतली. गेल्या महिन्यात ताई दवाखान्यात गेली असताना त्यांनी वही दोन तास चाळली होती, पण एवढ्याशा वेळात काय उतरवणार? अख्खीच हवी होती. ती काचेखाली असेपर्यंत त्यांचं 'आठवणीतलं' पुस्तक कुणीही ताडून पाहिलं असतं. ती ताईनं चोरली असं ठरलं की वाचक हळहळणार, आणि मागची खोलीही मोकळी होणार.

"कुठं आहे आता?" निवेदिकाबाईंनी विचारलं.

"गाडीत. सीटखाली." त्यांचा आवाज अगदी बारीक झाला. "घरी कशी नेणार? बायकोला सातही पुस्तकं पाठ आहेत. तिनं लांबून ओळखली असती."

आजोबा स्वतः खाली जाऊन वही घेऊन आले. त्यांनी ती दोन्ही हातांवर धरली होती. काचेखाली ठेवायच्या आधी त्यांनी एक पान उघडलं, टिंबावर बोट ठेवलं आणि पुटपुटले, "देता आलं असतं हो. कानशीनं घासून एखादा खिळा तरी केला असता."

६

निवेदिकाबाईंनी भाचेसाहेबांकडून कागद लिहून घेतला. अर्ज मागं, खोली ताईची, वही काचेखाली, दोन्ही चाव्या ताईकडे. आठव्या पुस्तकाचा विषय बंद. तो कागद त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवला आणि मगच सही घेतली. मग सगळे गेले. डॉक्टरीणबाई जाताना ताईच्या गळ्यात पडली, म्हणाली, "मला ते नाव पुन्हा एकदा म्हणून दाखवा." ताईनं म्हणून दाखवलं.

मी पिसासारखा हलका झालो होतो. आपण जिंकलो, असं मला वाटत होतं. स्वयंपाकघरात गेलो तर ताई चांगला पोशाख बदलून ओट्याशी उभी होती. चहा उकळत होता.

"संपलं गं सगळं!" मी म्हणालो. "मला खात्री होतीच, तू घेतलेली नाहीस म्हणून."

तिनं गॅस बारीक केला.

"बाईंची पत्रं मी पालथी ठेवते," ती म्हणाली. "लिहिलेली बाजू खाली. काल दूध घेऊन आले, चहा उकळेपर्यंत उरलेले पैसे ठेवायला ट्रंक उघडली, तर ती उताणी होती."

काल संध्याकाळी ती माझ्यासमोर बसून चहा प्यायली होती. तिला तेव्हाच ठाऊक होतं.

"मी घाबरलो होतो, ताई. वाटलं, चुकून घेतली असशील तर पोलिसांच्या आधी मीच..."

"विचारायचं होतंस की. मी समोरच होते." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मी पाय धरले असते. "त्या माणसानं माझ्यावर आळ घेतला त्यात त्याचा फायदा होता. ते मला समजतं."

पुढचं ती बोलली नाही. वडील गेले तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. दुकान बुडालं तेव्हा याच ओट्याशी उभी राहून ती म्हणाली होती, "धाकट्या, मी आहे ना." तिनं कपात चहा गाळला, बशी पुसली, कप बशीत ठेवला आणि माझ्यापुढं सरकवला.

"साखर घालू का तुम्हाला?" तिनं विचारलं.

कुणीतरी परत आलं असेल म्हणून मी मागं वळून पाहिलं. स्वयंपाकघरात आम्ही दोघंच होतो.